श्टॉकहाउझेनच्या 'ग्रुपेन'मध्ये तीन वाद्यवृंद आणि तीन कंडक्टर का लागतात?

कारण या रचनेत एकाच वेळी तीन वेगवेगळ्या लयी चालू असतात, आणि एका कंडक्टरला दोन हातांनी त्या सांभाळता येत नाहीत. जर्मन संगीतकार कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझेन यांनी १९५५ ते ५७ मध्ये ही रचना लिहिली. त्यांनी स्वतःच 'काळ कसा सरतो' या अर्थाच्या शीर्षकाच्या लेखात यामागचा विचार मांडला आहे. सप्तकात जसे बारा स्वर, तशीच त्यांनी लयींची बारा पायऱ्यांची पट्टी बांधली: मिनिटाला ६० ठोके, मग ६३.५, ६७, ७१ असं चढत १२० पर्यंत, म्हणजे थेट दुपटीपर्यंत. ही कल्पना मला आजही थक्क करते. एकूण १०९ वादक श्रोत्यांच्या डावीकडे, समोर आणि उजवीकडे बसतात. २४ मार्च १९५८ रोजी जर्मनीत कलोनला पहिला प्रयोग झाला, तेव्हा स्वतः श्टॉकहाउझेन आणि त्यांच्यासारखेच संगीतकार असलेले ब्रुनो मादेर्ना आणि प्येर बुलेझ कंडक्टर होते.

मात्र तिन्ही वाद्यवृंद सतत वेगळ्या लयीत नसतात. काही ठिकाणी ते एकाच लयीत येतात, आणि मग ध्वनीच एका बाजूकडून दुसरीकडे फिरतो. उत्तरार्धात पितळी वाद्यांचा एक स्वरसमूह तिघांमध्ये असा फेकला जातो की अंगावर काटा येतो. ऐकायचं असेल तर निदान हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर तिन्ही दिशा एकमेकींत मिसळून जातात.