लेक वर्षभर मेळघाटात चाललीय, करिअरचं काय?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. लेक बीएससी स्टॅटिस्टिक्स झाली, बँकेतली ऑफर हातात असताना ती सोडून धारणी तालुक्यातल्या एका गावात वर्षभर संस्थेचं काम करायला निघालीय, आणि तुम्ही मुलुंडला बसून काळजी करताय की वर्ष वाया जाईल का आणि मुळात तिला जमेल का.

वाया जायचं आधी उरकते. एसबीआयची यूथ फॉर इंडिया फेलोशिप, म्हणजे तरुणांनी गावात राहून संस्थेसोबत काम करायचं, २०११ पासून चालू आहे, १३ महिन्यांची, ती रेझ्युमेवर गॅप म्हणून कोणी लिहीत नाही. तुमच्या लेकीची संस्था छोटी आहे, म्हणजे काय केलं ते तिलाच नीट सांगता यायला हवं, त्यासाठी रोज रात्री वहीत दहा ओळी लिहायच्या, बस.

जमेल का, हा खरा प्रश्न. कॉलेजात असताना मी मोखाड्याकडे एका पाड्यावर दोन महिने होते, चौथ्याच दिवशी सकाळी ११ ला बायकांची मीटिंग ठेवली, चार्टपेपर वगैरे रंगवून! जुलै महिना, आवणी म्हणजे भातलावणी चालू, गावात माणूस नाही. एक आजी आली, तीही पाय दुखतो म्हणून सावलीत बसायला. तिने चार्ट बघितला आणि विचारलं, तू जेवलीस का? दुसऱ्या दिवशी मी चिखलात उतरले, रोपं वाकडी लावली, सगळ्या पोट धरून हसल्या, आणि संध्याकाळी त्याच बायका ओट्यावर गप्पांना आल्या.

म्हणून तिला सांगा, पहिले दोन-तीन महिने गाव सुधारायला जाऊ नकोस, नुसती बस, ऐक, पाणी भर. त्यात तिथे कोरकू बोलतात, ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी काही नातं नाही, हिंदी-मराठीवर दुकानात भागेल पण चुलीपाशी नाही भागणार. शिकवायला पोरं मिळतील, पोरांना मास्तर व्हायला फार आवडतं. आणि दिवाळीनंतर बरीच घरं कामाला बाहेर पडतात, ती होळीला परततात, तेव्हा अर्धं गाव रिकामं दिसलं तर आपलं काहीतरी चुकलं असं तिने मनाला लावून घेऊ नये. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, त्या आठवड्यात तिला घरी बोलावू नका प्लीज.

संस्थेला मात्र स्पष्ट विचारा, अजिबात संकोच नको: राहायचं कुणाच्या घरी, दाराला आतून कडी आहे का, संडास कुठे, जवळचं आरोग्य केंद्र किती लांब आणि रात्री गाडी कोणाची, अडचण आली तर फोन नक्की कोणाला. मच्छरदाणी घरूनच द्या, मलेरियाचा पट्टा आहे. यातल्या दोन गोष्टींवर जरी 'बघू, करू' असं उत्तर आलं ना, तर दुसरी संस्था शोधायची, मी मदत करते.

पोचवायला मात्र तुम्ही जाऊ नका ताई. सीएसएमटीहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस, सकाळी उतरून परतवाडा-सेमाडोह करत एसटी, घाटात उलटी होईल म्हणून आवळा सुपारी द्या, एकच बॅग द्या. तुम्ही डिसेंबरात जा, स्वेटर घेऊन, दोन दिवस राहा, ती तुम्हाला कुणाकुणाच्या घरी चहाला नेते ते बघा आणि मग मला परत लिहा.