तारीख नको, तिथी बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मांजलपूरला राहतो. मुलगा दहा वर्षांचा आहे. समुद्रातले जीव त्याला काचेच्या टाकीत नाही, समुद्रातच बघायचे आहेत. ह्यांना जुनी गावं हिंडायची आवड, म्हणून नरारा (जामनगरकडचा प्रवाळांचा किनारा) आणि जुनागढ असा बेत ठरतोय. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, त्यांना गिरनारचे दत्त घडावेत असं वाटतं. मार्चमधल्या एका रविवारी पहाटे निघून हे सगळं एका दिवसात होईल का? जमलं तर नावेतून डॉल्फिनही बघायचे आहेत.
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : एका दिवसात होणार नाही. बडोद्याहून जामनगरच पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, तिथून नरारा आणखी साठ. पहाटे निघालात तर पोहोचेपर्यंत दुपार होईल, आणि नराऱ्याला दुपारी पाणी असेल की नसेल हे घड्याळ ठरवत नाही, चंद्र ठरवतो. शुक्रवारी रात्रीच जामनगर गाठा. शनिवारी सकाळी समुद्र, रविवारी सकाळी जुनागढ. पण त्याआधी, तो शनिवार-रविवार कुठल्या तिथीला येतोय ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बघितलंत का? माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

मी एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. पहिल्यांदा विद्यार्थ्यांना नराऱ्याला नेलं ते सुट्टी बघून, तिथी न बघता. अष्टमी होती. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाणी चढतंही थोडं आणि उतरतंही थोडं. बावीस मुलं गुडघाभर गढूळ पाण्यात दोन तास उभी राहिली आणि चार खेकडे बघून परतली. प्रवाळ तिथेच होतं, पायापासून हातभर अंतरावर, पण पाण्याखाली. मुलांचे उतरलेले चेहरे मला अजून आठवतात.

पौर्णिमा-अमावास्येला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात, समुद्राला उधाण येतं. उधाणात भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटी खोल उतरते, आणि आपल्याला हवी ती ही खोल ओहोटी. आता पौर्णिमेच्या दिवशी ही ओहोटी सकाळी फार लवकर लागते, दुसरी संध्याकाळी अंधार पडता पडता. पण भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून पौर्णिमेनंतर दोन-चार दिवसांनी ओहोटी सोयीच्या वेळेला येते आणि उधाणाचा जोरही अजून टिकून असतो. अमावास्येनंतरही हेच. मार्चमध्ये जायचं तर फाल्गुनातली होळी ते रंगपंचमी हे दिवस मला सगळ्यांत आवडतात. होळीच्या आधी मात्र जामनगर-द्वारका रस्त्यावर द्वारकेच्या फुलडोल उत्सवाला चालत निघालेल्या भाविकांची रीघ असते. गाडी हळू चालवा, त्यांच्या पाणपोयांवर थांबा, मुलाला तेही बघू द्या. नेमकी वेळ वनखात्याकडून विचारून घ्या. प्रवेशाचा परवाना त्यांचाच लागतो आणि वाटाड्याशिवाय आत जाऊ नये.

भरती म्हणजे काय हे मुलाला आधी समजवायचं असेल तर जंबुसरकडच्या कावी-कंबोईला एक फेरी मारा. तिथला स्तंभेश्वर महादेव भरतीत बुडतो आणि ओहोटीत पुन्हा दर्शन देतो. दहा वर्षांच्या पोराला यापेक्षा चांगला धडा माझ्याकडे नाही.

नरारा हे कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. 1982 साली जाहीर झालेलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. इथे नावेत बसायचं नाही, समुद्राच्या तळावरून पायी चालायचं. आधी चेर लागतात (कोकणात आपण तिवरं म्हणतो ती), मग उघडा पडलेला सपाट खडक, आणि त्यात जागोजाग साचलेलं घोट्याएवढं पाणी. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही. मुलाला सांगा, एका डबक्यापाशी उकिडवा बस आणि सावली पाण्यावर पडू देऊ नकोस. मग दगड वाटणारी वस्तू सरकते आणि ती समुद्रकाकडी निघते. फूल वाटतं ते आपल्या पाकळ्यांनी इवले जीव पकडत असतं. मेंदूसारख्या वळ्यांचं प्रवाळ दिसेल, त्यावर बोट ठेवायचं नाही, पाय तर नाहीच. त्या वळ्यांत हजारो जीव राहत असतात. दुसऱ्या खेपेला, पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला, आम्हाला ऑक्टोपस दिसला. वाळूच्या रंगाचा होता, शेवाळावर सरकताना हिरवट झाला आणि कपारीत शिरताना जवळजवळ काळा. एरवी वर्गात एकमेकांना कोपरानं ढोसणारी मुलं तेव्हा श्वास रोखून बसली होती.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. तिथे फुगणारा मासा असतो, पफर. घाबरला की अंग फुगवून चेंडूसारखा गोल होतो. एका वाटाड्यानं आमच्यासाठी तो उचलला, मुलीच्या हातावर ठेवला, आणि मी फोटो काढू दिला. फुगणं हा त्याचा खेळ नव्हे, जिवाच्या आकांताचा शेवटचा उपाय आहे, हे मीच वर्गात शिकवत होते. तरी त्या क्षणी गप्प बसले. याची बोच अजून गेलेली नाही. तुम्ही आत शिरतानाच नम्रपणे सांगा, ‘भाई, काही उचलायचं नाही, जिथे आहे तिथेच दाखवा.’ चांगले वाटाडे ऐकतात, आणि मग जास्त मन लावून दाखवतात.

कॅनव्हासचे जुने बूट घाला. चप्पल चिखलात राहते आणि खडकाला ब्लेडसारखी धार असते. वाटाडा ‘ओट पूरी थई’ (ओहोटी संपली) म्हणाला की लगेच वळा. पाणी समोरून येताना दिसतं, पण आधी ते तुमच्या मागच्या चरांतून भरलेलं असतं. सासूबाईंनी चेरांपर्यंतच यावं. तिथे खुर्ची टाकून बसल्या तर पक्षी भरपूर दिसतील.

डॉल्फिनचं म्हणाल तर आखातात कुबड असलेले डॉल्फिन आहेत, पण एका सकाळी ते दिसतीलच असं कोणी सांगू नये. नावेमागे पळण्यापेक्षा ती सकाळ नराऱ्याला द्या.

दुपारी जेवून निघालात तर अंधार पडायच्या सुमारास जुनागढ. रविवारी उन्हाआधी उपरकोट किल्ला. आडी-कडीची वाव (पायऱ्यांची विहीर) बांधलेली नाही, खडकात सरळ खाली कोरत नेली आहे. दोन्ही बाजूंच्या कातळभिंतींवर थरांच्या लाटा दिसतात, तिथे यजमानांना हवा तेवढा वेळ द्या. नवघण कुवा आणि बौद्ध लेणी तिथेच. नीलम नावाची तोफ 1531 मध्ये इजिप्तमध्ये ओतलेली. तुर्कांनी ती दीवच्या लढाईसाठी आणली आणि माघारी जाताना मागेच टाकली, पुढे ती इथे आली.

पण जुनागढात माझा जीव अडकतो तो गिरनारच्या वाटेवरच्या एका धोंड्यात. त्या एकाच दगडावर तीन राजे बोलतात. अशोकाचे चौदा आदेश, इ.स. 150 च्या सुमाराचा रुद्रदामनाचा संस्कृत लेख, आणि पाचव्या शतकातला स्कंदगुप्ताचा. रुद्रदामन सांगतो, वादळी पावसात सुदर्शन तलावाचा बांध फुटला आणि मी तो दुरुस्त केला. तीनशे वर्षांनी स्कंदगुप्ताच्या काळात तोच बांध पुन्हा फुटला, पुन्हा बांधला. आणि अशोकाच्या पहिल्याच आदेशात त्याच्या मुदपाकखान्याचा हिशोब आहे: पूर्वी रोज लाखो जीव मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही, आणि पुढे हे तिन्ही मारले जाणार नाहीत. आदल्या दिवशी ऑक्टोपस बघून आलेल्या मुलाला हे त्या दगडासमोर उभं करून वाचून दाखवा.

आता सासूबाईंचे दत्त. 2020 साली सुरू झालेला रोपवे अंबामातेपर्यंतच जातो. तिथून दत्तशिखरापर्यंत पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या आहेत, आणि त्या थोड्या नाहीत. गुडघे धड असतील तर पहाटे पहिल्या पाळण्यानं निघून सावकाश जा, नाहीतर अंबामातेपाशी थांबून शिखराला हात जोडा. वारा फार असला की रोपवे बंद ठेवतात, तेव्हा त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा, मनाला लागायला नको. आणि दत्त करायचे असतील तर आणखी एक मुक्काम वाढवा. उपरकोट आणि शिखर एका सकाळी कोंबू नका.

निघायच्या आधीच्या रविवारी मात्र मुलाला कमाटीबागेतल्या संग्रहालयात न्या. 1944 मध्ये वादळानं मही नदीत येऊन पडलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे, सुमारे 22 मीटर लांबीचा. बडोद्याला समुद्र नाही असं आपण म्हणतो, पण संस्थानाकडे ओखामंडळ होतं, द्वारका आणि बेट द्वारका होतं. सयाजीराव महाराजांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या सागरी जीवांच्या अभ्यासकाकडून त्या किनाऱ्याची पाहणी करून घेतली आणि 1909 व 1916 मध्ये ती छापून आणली. तुमचा मुलगा ज्या आखाताच्या तळावर चालणार आहे, त्याची नोंद बडोद्यानं शंभर वर्षांपूर्वी घेऊन ठेवली आहे. त्याला हे कळलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

प्रश्न : नराऱ्याहून आठवण म्हणून प्रवाळाचा मेलेला तुकडा किंवा रिकामा शंख आणला तर चालेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला. मेलेला तुकडाही उचलायचा नाही. आणि रिकामा शंख रिकामा नसतो. शंखात राहणाऱ्या खेकड्याच्या पोटावर स्वतःचं कठीण कवच नसतं. अंग वाढलं की तो मोठा शंख शोधत हिंडतो, आणि मिळेपर्यंत त्याचं मऊ पोट आखडत्या घरात दाटीवाटीनं असतं. पुढच्या खेपेला वाळूतला एखादा शंख न उचलता अर्धा तास लांबून बघत बसा. नशीब असेल तर घर बदलताना दिसेल.