वाचकांचे प्रश्न : लेमिंग कोसळले की तुतारीची पिल्लं का घटतात?

प्रश्न : सैबेरियातून येऊन ठाणे खाडीवर उतरणाऱ्या बाकचोच तुतारी या पक्ष्यांमध्ये एखाद्या वर्षी नवी पिल्लावळ भरपूर दिसते, तर एखाद्या वर्षी शोधूनही सापडत नाही. हे पक्षी किडे-अळ्या खाणारे. मग त्यांची वीण सैबेरियातल्या उंदरांवर अवलंबून असते असं का म्हणतात? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मधला दुवा ध्रुवीय कोल्ह्याचा आहे. बाकचोच तुतारी उत्तर सैबेरियाच्या टुंड्रात, मुख्यतः तैमिर द्वीपकल्प आणि आसपासच्या भागात, उघड्या जमिनीवर घरटं करते. अंडी चार. ती सुमारे तीन आठवडे उबवायची आणि पिल्लं सांभाळायची हे सगळं मादी एकटी करते. नर जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीलाच दक्षिणेची वाट धरतात. त्याच जमिनीत लेमिंग राहतात, म्हणजे आखूड शेपटीचे, गुबगुबीत, उंदरांच्या जातकुळीतले प्राणी. कोल्हा, हिमघुबड आणि स्कुआ (शिकारी समुद्रपक्षी) या सगळ्यांचं पोट त्यांच्यावर चालतं.

लेमिंगची संख्या साधारण तीन ते पाच वर्षांच्या फेऱ्यात चढते आणि कोसळते. तैमिरमध्ये तीन वर्षांचा फेरा वारंवार दिसला आहे. लेमिंग उदंड असले की कोल्हीण एका वेतात दहा-बारा, कधी त्याहूनही जास्त पिल्लं वाढवते. पायाखाली लेमिंग असताना घरटी हुडकत हिंडण्याची गरज पडत नाही, त्यामुळे तुतारींची पिल्लं निभावतात. पुढच्या उन्हाळ्यात लेमिंग नाहीसे होतात, पण आदल्या वर्षी वाढलेले कोल्हे तिथेच असतात. ते टुंड्रा पालथा घालतात आणि अंडी-पिल्लं फस्त करतात. म्हणून सगळ्यात वाईट वर्ष लेमिंगच्या शिखरानंतर लगेच येतं. त्यानंतरच्या वर्षी लेमिंग अजून कमी असले तरी उपासमारीने कोल्हेही घटलेले असतात आणि पक्ष्यांना थोडी उसंत मिळते.

याचा पुरावा दोन वेगळ्या खंडांतून आला. काळ्या पोटाचा ब्रेंट हंस तैमिरमध्ये वीण करतो आणि हिवाळ्यात नेदरलँड्स, ब्रिटन, फ्रान्सच्या किनाऱ्यांवर येतो. त्याच्या थव्यांत लेमिंगच्या चांगल्या वर्षी तरुण पक्षी एक तृतीयांशाहूनही जास्त असतात, वाईट वर्षी जवळजवळ शून्य. दक्षिण आफ्रिकेच्या लांगेबान खाजणात मोजलेल्या बाकचोच तुतारीतही हाच चढउतार दिसला. हंस गवत खातो, तुतारी किडे खाते, दोघांचे हिवाळी मुक्काम हजारो किलोमीटर दूर. दोघांत सामाईक आहे ती वीणभूमी आणि तिथले शिकारी.

प्रश्न : मग हवामानाचा वाटा किती? (नाशिक)

उत्तर : मोठा, पण त्याची वेळ वेगळी. ढोबळमानाने अंड्यांचा शत्रू कोल्हा आणि पिल्लांचा शत्रू जुलैतली थंडी.

जूनमध्ये बर्फ उशिरा वितळला तर घरटं करायला मोकळी जमीन थोडीच मिळते. त्या मोजक्या उघड्या तुकड्यांवर घरटी एकवटतात आणि कोल्ह्याचं काम सोपं होतं. शिवाय तुतारी, टिलवा (तिच्याच जातकुळीतला, तिच्याहून लहान) यांसारखे छोटे पक्षी अंड्यांसाठी लागणारी पोषकद्रव्यं टुंड्रात पोचल्यावर मिळणाऱ्या खाद्यातूनच उभी करतात. जमीन उघडी नाही म्हणजे किडे नाहीत, आणि अंडीही लांबणीवर.

छोट्या टिलव्याचं पिल्लू बाहेर येतं तेव्हा जेमतेम चार-साडेचार ग्रॅमचं असतं. पहिल्या दिवसापासून ते स्वतः चालतं, स्वतः किडे टिपतं. पालक भरवत नाहीत. मात्र अंगातली ऊब त्याला स्वतःला टिकवता येत नाही. काही मिनिटं चरायचं, गारठलं की पालकाच्या पोटाखाली शिरायचं, ऊब घेऊन पुन्हा बाहेर पडायचं, असा त्याचा दिवस जातो. पारा दोन-तीन अंशांवर आणि त्यात वारा-पाऊस असला की पोटाखालचा वेळ वाढतो, चरण्याचा घटतो; त्याच वेळी डास आणि चिलटं हालचाल थांबवतात, त्यामुळे बाहेर पडूनही पोट भरत नाही. असे काही दिवस सलग आले तर कोवळी पिल्लं संपतात. म्हणून लेमिंगचं उत्तम वर्षही जुलैतल्या एका गार पावसाने वाया जाऊ शकतं. उलट मात्र घडत नाही : कोल्ह्यांनी अंडीच संपवली असतील तर उबदार जुलैचा उपयोग कुणाला?

टोकाचं उदाहरण ईशान्य ग्रीनलंडमधल्या झॅकेनबर्गचं. 2018 मध्ये तिथे इतका बर्फ साठला आणि इतका उशिरा वितळला की वनस्पती, कीटक, पक्षी अशा बहुतेकांची त्या वर्षीची वीण फसली.

प्रश्न : हवा तापली, बर्फ कमी झाला, तर पक्ष्यांचं भलंच होईल ना? (पणजी)

उत्तर : जूनपुरतं बोलायचं तर काहींचं होईल. खरी काळजी हिवाळ्याची आहे. लेमिंग हिवाळाभर बर्फाखाली जागे असतात आणि तिथेच वितात. जाड, कोरडा बर्फ थंडी अडवतो आणि जमिनीलगत भुसभुशीत, पोकळ थर तयार होतो. त्यात ते फिरतात, शेवाळ आणि गवताचे कोंब खातात. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडून तो गोठला की जमिनीवर बर्फाची कडक पापडी धरते. खाद्य तिच्याखाली अडकतं, बिळं ओली होतात, आणि उन्हाळ्यात लेमिंगचं शिखर येतच नाही.

नॉर्वेतल्या फिन्स भागात 1994 नंतर नेहमीची शिखरं थांबली. पूर्व ग्रीनलंडमध्ये 2000 च्या सुमारास फेरे मंदावले आणि तिथल्या हिमघुबडांची वीण कोसळली. लेमिंग मुबलक असताना सात, नऊ, कधी अकरा अंडी घालणारं हे घुबड लेमिंग नसतील तर एकही घालत नाही. त्याच्या घरट्यालगत ब्रेंट हंस घरटी करतात, कारण घुबड कोल्ह्याला जवळ फिरकू देत नाही. घुबड गेलं की हंसांचा तो पहाराही जातो.

प्रश्न : इथे बसून त्या वर्षीच्या विणीचा अंदाज बांधायचा तर मोजणी कशी करावी? (भिगवण)

उत्तर : थव्यात त्या वर्षीचे तरुण पक्षी किती टक्के आहेत ते मोजायचं. त्यासाठी बाकचोच तुतारी निवडा. छोट्या टिलव्याची वीणभूमी उत्तर नॉर्वेपासून सैबेरियापर्यंत पसरलेली आहे, त्यामुळे एका भागातली पडझड दुसऱ्या भागात भरून निघते आणि आकडा पुसट होतो. तुतारी किनाऱ्यावर जास्त येते. उजनीपेक्षा ठाणे खाडीसारख्या चिखलपट्ट्या सोयीच्या.

ऑगस्टमध्ये मोजू नका. तेव्हा येतात ते प्रौढ, पोटावर विटकरी डाग उरलेले. तरुण पक्षी काही आठवडे मागून येतात. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरअखेर हा काळ योग्य; नोव्हेंबरात त्यांच्या पाठीची पिसं बदलून राखाडी होतात आणि फरक फक्त पंखांवर, तोही जवळून, कळतो. तरुण पक्ष्याच्या छातीवर फिकट बदामी झाक असते. पाठीच्या प्रत्येक पिसाला फिकट कडा आणि कडेच्या आत गडद रेघ, त्यामुळे पाठ खवल्यांसारखी नीटनेटकी दिसते. प्रौढाची जुनी पिसं झिजलेली आणि मधूनमधून नवी राखाडी असतात.

भरतीच्या वेळी थवा किनाऱ्याकडे सरकला की दुर्बिणीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने पाहा. तरुण पक्षी पुष्कळदा कडेला असतात. फक्त मध्य पाहिला तर आकडा कमी येतो, फक्त कड पाहिली तर जास्त. नोंदीत थव्याची एकूण संख्या आणि वय नक्की पटलेल्या पक्ष्यांची संख्या वेगळी लिहा. टक्केवारी दुसऱ्या आकड्यावरच काढा. फोटोंवरून टक्केवारी काढू नका, कारण माणूस देखण्या पक्ष्याचाच फोटो घेतो. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या थव्यांतले मिळून काहीशे पक्षी तरी तपासलेले हवेत.

पुढच्या जून-जुलैतही एक फेरी मारा. वर्षाची झालेली बरीच पाखरं पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेला न जाता इथेच थांबतात. भर पावसाळ्यात खाडीवर साध्या राखाडी पिसाऱ्यातल्या तुतारी बऱ्याच दिसल्या, तर आदल्या वर्षीची वीण साधली होती असं धरायला आधार मिळतो, आणि ऑक्टोबरचा आकडाही ताडून पाहता येतो.