लिओफ्रिथला मारायचं की सोडायचं?

प्रश्न : दादा, मी सध्या अ‍ॅसॅसिन्स क्रीड वल्हाला खेळतोय. लेडसेस्टरशायरच्या कथेत राजा बर्ग्रेडचा तो सरदार आहे ना, लिओफ्रिथ, त्याला हरवल्यावर गेम विचारतो मारू की जाऊ देऊ. मी तिथेच पॉज करून बसलोय. मित्र म्हणतात व्हिलन आहे, मारून टाक. काय करू? आणि हा माणूस खरंच होऊन गेला का?

उत्तर : सोड त्याला. का ते सांगतो, पण ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात गोष्ट. यूबीसॉफ्टचा हा गेम २०२० मध्ये आला. एव्होर नावाचा नॉर्वेचा व्हायकिंग (पाहिजे तर स्त्री म्हणूनही खेळता येतो) ८७० च्या दशकात आपली माणसं घेऊन इंग्लंडला येतो, वस्ती वसवतो आणि एकेका प्रांतात मित्र जोडत जातो. त्यातल्या पहिल्या प्रांतांपैकी हा लेडसेस्टरशायर, म्हणजे आजच्या लेस्टरच्या आसपासचा भाग, तेव्हाच्या मर्सिया राज्यातला. तिथे रॅग्नर या दंतकथेतल्या व्हायकिंगच्या पोरांना राजा बर्ग्रेडला हाकलून चेओलवुल्फला गादीवर बसवायचंय आणि लिओफ्रिथ हा बर्ग्रेडचा खास माणूस, सगळ्यांच्या वाटेत आडवा येणारा.

लिओफ्रिथ गेमवाल्यांनी तयार केलेला आहे, खरा नाही. बर्ग्रेड खरा, चेओलवुल्फ खरा, हा मधला काल्पनिक. पण ज्या प्रकारचा माणूस तो दाखवलाय ना, तसली माणसं तेव्हा खरोखर होती आणि त्यांची एक गोष्ट लिहून ठेवलेली आहे, ती वाचलीस तर तुझा हात कुऱ्हाडीवरून आपोआप खाली येईल.

लिओफ्रिथ हा थेन. थेन म्हणजे राजाच्या पदरचा लढवय्या उमराव, राजाने जमीन द्यायची आणि याने हाक आली की शस्त्र घेऊन हजर व्हायचं. त्या काळात खून झाला तर मारणाऱ्याने भरपाई द्यायची असे आणि ती माणसाच्या दर्जावर ठरायची, मर्सियाच्या शेजारच्या वेसेक्स राज्याच्या कायद्यात साध्या स्वतंत्र शेतकऱ्याचे २०० शिलिंग तर उमरावाचे १२०० शिलिंग. म्हणजे मान मोठा, पण त्या मानाच्या बदल्यात अपेक्षाही तेवढीच मोठी.

आता ती गोष्ट. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल नावाची जी बखर आहे तिच्यात वेसेक्सचा राजा किनेवुल्फ ७८६ साली कसा मेला ते सविस्तर आलंय. राजा थोड्याच माणसांनिशी एका बाईला भेटायला गेला होता, कळल्यावर किनेहर्ड नावाच्या राजघराण्यातल्याच माणसाने तिथे येऊन वेढा घातला, राजा दारात एकटा लढला आणि मारला गेला. आवाज ऐकून त्याचे थेन धावत आले तेव्हा किनेहर्ड त्यांना म्हणाला पैसे घ्या आणि जीव वाचवा. एकानेही घेतले नाहीत. सगळे लढून मेले, वाचला फक्त एक ओलीस ठेवलेला वेल्श माणूस आणि तोही जबर जखमी. दुसऱ्या दिवशी सकाळी राजाचे मागे राहिलेले थेन आले, त्यांना किनेहर्डने तोंडाला येईल तेवढी जमीन आणि पैसा देऊ केला, वर सांगितलं की तुमचेच नातेवाईक माझ्या बाजूला आहेत. ते म्हणाले, आमच्या धन्यापेक्षा कुठलाही नातेवाईक आम्हाला जवळचा नाही आणि त्याला मारणाऱ्याच्या मागे आम्ही कधीच जाणार नाही. आणि दार फोडून किनेहर्डला त्याच्या माणसांसकट मारलं.

एरवी ही बखर एकेक वर्ष दोन-चार ओळींत उरकते, इथे मात्र लिहिणारा थांबलाय आणि भरभरून लिहितोय. कारण त्या लोकांसाठी चांगला माणूस म्हणजे असा माणूस.

आता परत तुझ्या पॉज केलेल्या स्क्रीनवर ये. समोर लिओफ्रिथ आहे, तो नेमकं हेच करतोय, फक्त एक फरक आहे की त्याचा राजा मेलेला नाहीये, राज्य सोडून गेलाय. मेलेल्या राजासाठी काय करायचं ते या लोकांना पाठ होतं, लढून मरायचं किंवा सूड घ्यायचा. पण राजा जिवंत असून निघून गेला तर थेनने कोणासाठी लढायचं? मला वाटतं गेमच्या लेखकांनी या पात्रात पकडलेली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे, आणि म्हणून अशा माणसाला गुडघ्यावर आणून मारण्यात मला तरी काही शौर्य दिसत नाही.

फायद्याचंही बोलतो, नाहीतर म्हणशील दादा नुसतं तत्त्वज्ञान सांगतो. त्याला मारलंस तर गेममधले ते घोड्यावरून गस्त घालणारे झेलॉट तुझ्या मागावर निघतात. सुरुवातीच्या पॉवरला ते एकेक जण जड जातात. सोडलंस तर तू तयार होईपर्यंत ती कटकट लांब राहते.

प्रश्न : आधी हरवू तर दे! माझा एव्होर दर वेळी मरतोय. पॅरी करतो, म्हणजे वार अडवतो, तरी फटका बसतोच.

उत्तर : लाल चमक दिसली की पॅरी करूच नकोस, तो वार अडवताच येत नाही, बाजूला सरकायचं. पिवळी चमकली की पॅरी कर, तिथे तो डळमळतो. तो लांब असताना धनुष्य ताणून बघ, अंगावर चमकणाऱ्या कमजोर जागा दिसतात, तिथे बाण बसले की त्याची स्टन पट्टी (ती संपली की तो हतबल होतो) भराभर खाली येते. आणि लढाईआधी बेरी-मशरूम खाऊन रेशन भरून घे, बरेच जण हेच विसरतात.

प्रश्न : गेममध्ये बर्ग्रेड अगदी बिचारा आणि पळपुटा दाखवलाय. तो खरंच तसा होता का? की व्हायकिंग हिरो आहेत म्हणून सॅक्सन, म्हणजे तेव्हाच्या इंग्रज, राजाला उगाच लहान केलंय?

उत्तर : राज्य सोडून गेला हे खरं, पण लगेच पळाला असं म्हणणं अन्याय आहे. ८५२ ते ८७४ अशी २२ वर्षं त्याने राज्य केलं. ८५३ मध्ये वेसेक्सच्या राजघराण्यातल्या एथेलस्विथशी लग्न केलं, ती पुढे वेसेक्सचा राजा झालेल्या अल्फ्रेडची सख्खी बहीण, म्हणजे अल्फ्रेड द ग्रेट हा बर्ग्रेडचा मेहुणा. ८६८ ला डेन लोकांचं, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांचं, सैन्य नॉटिंगहॅममध्ये शिरून बसलं तेव्हा बर्ग्रेडने सासरहून मदत मागवली, एथेलरेड आणि अल्फ्रेड दोघे भाऊ फौज घेऊन आले, पण डेन तटबंदीच्या आड बसले, मोठी लढाई झालीच नाही आणि शेवटी मर्सियाने तह केला. म्हणजे माणसाने नात्याचा, फौजेचा, तहाचा सगळा मार्ग वापरून पाहिला होता.

मग ८७३ च्या हिवाळ्यात ते सैन्य रेप्टनला येऊन बसलं आणि हा घाव वर्मी होता, कारण रेप्टन म्हणजे मर्सियाच्या राजांना पुरायची जागा. तिथल्या चर्चखालचं तळघर आजही शाबूत आहे, पिळाच्या नक्षीचे खांब असलेलं, आत उभं राहता येतं. १९७० आणि ८० च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा सैन्याने चर्चलाच तटबंदीत घेऊन भोवती खंदक खणल्याचं दिसलं आणि जवळच्या एका दफनात कमीत कमी २६४ माणसांची हाडं निघाली. आपल्या वाडवडिलांच्या थडग्यांवर शत्रूची छावणी पडल्यावर बर्ग्रेडचं राज्य टिकलं नाही, तो समुद्रापार गेला, रोमला पोचला आणि तिथेच इंग्रज लोकांच्या वस्तीतल्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याला पुरलं.

प्रश्न : चेओलवुल्फबद्दल गोंधळ होतोय. गेममध्ये तो समजूतदार वाटतो आणि मी जिथे वाचलं तिथे त्याला डेन लोकांचं बाहुलं म्हटलंय.

उत्तर : बाहुलं म्हणणारी मूळ जागा तीच बखर. तिच्यात त्याला सरळ ‘राजाचा एक मूर्ख थेन’ म्हटलंय, आणि पुढे की त्याने शपथा घेतल्या, ओलीस दिले, डेन म्हणतील त्या दिवशी राज्य परत द्यायचं कबूल केलं. पण ही बखर लिहिली गेली ८९० च्या दशकात अल्फ्रेडच्या वेसेक्समध्ये, चेओलवुल्फ गेल्यानंतर आणि अल्फ्रेड मर्सियावर हक्क सांगत होता त्या काळात. मग शेजारच्या राजाबद्दल कोण चांगलं लिहिणार?

आता नाणी बघ. २०१५ मध्ये ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनजवळ मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एकाला पुरलेला साठा सापडला, २०० च्या आसपास चांदीची नाणी, शिवाय चांदीच्या कांड्या आणि दागिने. त्यातल्या एका प्रकारच्या नाण्यावर मागच्या बाजूला शेजारी-शेजारी बसलेले दोन सम्राट आणि त्यांच्या वर पंख पसरलेली विजयदेवता आहे, जुन्या रोमन सोन्याच्या नाण्यावरून उचललेलं चित्र. हे नाणं अल्फ्रेडच्या नावानेही पाडलंय आणि चेओलवुल्फच्या नावानेही! पूर्वी अशी अगदी एखाद-दुसरी नाणी माहीत होती, तेव्हा काही तरी चुकून झालं असेल म्हणून बाजूला ठेवता यायचं, आता एका साठ्यात डझनभर मिळाल्यावर ते शक्य नाही. अल्फ्रेडसारखा राजा ज्याच्याबरोबर एकाच छापाची, एकाच वजनाची नाणी पाडतो तो माणूस त्याला बरोबरीचा वाटत असणार, निदान काही वर्षं तरी. राजांच्या यादीत चेओलवुल्फला ५ वर्षं दिलीयेत, म्हणजे ८७९ पर्यंत.

आणि हा चेओलवुल्फही बर्ग्रेडच्याच दरबारातला थेन म्हणून ओळखला जातो बरं का. राजा गेल्यावर त्याने तह करून उरलेलं राज्य चालवलं आणि गेममधला लिओफ्रिथ तलवार घेऊन उभा राहिला. दोघांपैकी एक मित्र आणि एक व्हिलन का, तर तू व्हायकिंगच्या बाजूने खेळतोयस म्हणून. अल्फ्रेडच्या बाजूने हीच कथा खेळायला दिली असती तर लिओफ्रिथ आपला सगळ्यात लाडका साथीदार झाला असता, असं मला अगदी मनापासून वाटतं.

प्रश्न : ते झेलॉट अंगभर चिलखत घालून घोड्यावरून लढतात, ते कितपत खरं?

उत्तर : दिसायला जबरदस्त, पण त्या शतकातलं नाही. सॅक्सन लोक घोड्यावर बसून लढाईच्या जागेपर्यंत जायचे आणि सहसा खाली उतरून ढालीला ढाल लावून लढायचे. बहुतेकांच्या हातात भाला असे, तलवार आणि कड्यांचं चिलखत श्रीमंतांकडे. लिओफ्रिथसारख्या थेनकडे दोन्ही असणं मात्र एकदम बरोबर आहे.

प्रश्न : ताई-दादा जे कोणी उत्तर देता त्यांना, बर्ग्रेडच्या राणीचं पुढे काय झालं? गेममध्ये ती नवऱ्यापेक्षा खमकी वाटली मला.

उत्तर : एथेलस्विथ ८८८ साली इटलीतल्या पाव्हिया इथे वारली, तिथेच तिला पुरलं. तिच्या नावाची सोन्याची अंगठी १८७० मध्ये यॉर्कशरमध्ये सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वरच्या बाजूला कोकराचं चित्र आहे, ख्रिस्ताचं प्रतीक म्हणून, आणि आतल्या बाजूला तिचं नाव राणी या पदवीसकट कोरलंय. ही अंगठी तिने स्वतः घातली की कुणा विश्वासू माणसाला बक्षीस दिली यावर अभ्यासकांत चर्चा चालते, बक्षीस देण्याची पद्धत तेव्हा होतीच. म्युझियमच्या साइटवर मोठे फोटो आहेत, झूम करून आतली अक्षरं नक्की बघ.