नोटीस बाजूला ठेवा, फुल अँड फायनलचा कागद काढा

प्रश्न: हिंजवडीतल्या आयटी कंपनीने गेल्या वर्षी माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. नंतर मी ग्लासडोअरवर, म्हणजे कर्मचारी कंपनीबद्दल मत लिहितात त्या साइटवर, निनावी लिहिलं : पगार लटकवतात, पीएफ कापतात पण भरत नाहीत, एचआर मॅनेजर पैसे खातो. अकरा महिन्यांनी नोटीस आली : 15 दिवसांत पोस्ट काढा, माफी मागा, 50 लाख भरा. सगळं खरं आहे, तर घाबरायचं कशाला?

उत्तर: असं विचारणारे सगळे नोटिशीची प्रत पाठवतात. निघताना सही केलेला फुल अँड फायनलचा, म्हणजे हिशेब मिटवल्याचा सेटलमेंटचा कागद कुणीच पाठवत नाही, आणि निकाल तिथेच लागतो. त्यात 'कंपनीची प्रतिमा मलिन होईल असं काही बोलणार-लिहिणार नाही' असं कलम आहे का?

नसेल, तर प्रश्न फक्त बदनामीचा. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव. फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली, सत्याबरोबर लोकहितही दाखवावं लागतं. पीएफचं तुम्ही सिद्ध करू शकाल : ज्या महिन्याच्या स्लिपमध्ये कपात आहे, त्याच महिन्याची नोंद यूएएन पासबुकात (तुमच्या पीएफ खात्याच्या ऑनलाइन पासबुकात) नाही, अशी जोडी लावा. 'पैसे खातो' याला पुरावा काय? त्या एका वाक्यावर तो मॅनेजर स्वतः वेगळी तक्रार करू शकतो.

कागदात ते कलम असेल, तर 'खरं लिहिलं' हे उत्तर लंगडं पडतं. दावा करारभंगाचा होतो आणि त्याची मुदत तीन वर्षं. बदनामीच्या दिवाणी दाव्याला प्रसिद्धीपासून एकच वर्ष मिळतं, म्हणून अकराव्या महिन्यात ही घाई. कलमात रक्कम लिहिलेली असली तरी करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे ती कमाल मर्यादा. न्यायालय वाजवी भरपाईच देतं. पीएफ कार्यालयात किंवा कामगार आयुक्तांकडे तक्रार करायला असं कलम आड येऊ नये. दबावाखाली सही घेतली, हा मुद्दा मांडता येईल, पण वर्षभर गप्प बसलात, त्यामुळे तो किती टिकेल शंकाच आहे. सही करताना 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे 'हरकत नोंदवून', लिहायला कोणी अडवलं होतं?

आता क्रम. पोस्टचे तारीख आणि लिंक दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. ते कोर्टात लागले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल. सेटलमेंटमध्ये ते कलम असेल तर हक्क राखून, म्हणजे चूक मान्य न करता, पोस्ट काढा, माफीनामा मात्र देऊ नका. नसेल तर मॅनेजरचं वाक्य तेवढं काढा. उत्तर वकिलामार्फत, 15 दिवसांच्या आत, स्पीड पोस्टाने. पोस्ट तुमचीच असल्याचं आपणहून लिहून देऊ नका. एचआरला फोन, व्हॉट्सअॅप, 'सॉरी सर', काही नको.

सेटलमेंटचा कागद घरात नसेल तर नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातले मेल चाळा. सही ऑनलाइन घेतली असेल, तर पीडीएफची लिंक बहुधा तुमच्या खासगी मेलवर आलेली असते.