हलगी माळ्यावर टाकून काय साधलं?

पत्र थोडक्यात असं: "मुलगा बारावी सायन्सला आहे, अकरावीला ६४ टक्के. संध्याकाळी रंकाळ्यावर पोरांच्यात रॅप करतो, हलगी बडवतो. यात्रेत एका म्हाताऱ्या हलगीवाल्याचं वाजवणं मोबाईलवर घेऊन त्यांनी गाणं केलं. यूट्यूबवर चाळीस हजार व्ह्यूज म्हणे, पण रुपया मिळाला नाही. मी हलगी माळ्यावर टाकली. हे आपल्या घरातलं काम नव्हे. त्याला इंजिनिअरिंगकडे वळवा. – एक वडील, कोल्हापूर"

नमस्कार,

६४ टक्क्यांची मला चिंता नाही. सीईटी आहे, प्रवेशाच्या कॅप फेऱ्या आहेत, ते मार्गी लागतं. मला खटकलं ते "हे आपल्या घरातलं काम नव्हे."

मग कुणाच्या घरातलं? खासबागेच्या मैदानात कुस्तीला रंग चढतो तो हलगी-घुमक्यावर. तिथं शिट्टी मारताना वाजवणाऱ्याचं घर कोणी विचारत नाही. अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात मान देणाऱ्या शाहू महाराजांनीच ते मैदानही बांधलं. ज्या समाजांनी हलगी पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांच्या वाट्याला तिच्यापायी काय आलं हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. तुमच्या वाक्यात तेच आहे, आणि पोरानं ते ऐकलंय. हलगी खाली काढा. कातडी असेल तर लवकर काढा, दमट माळ्यावर कातडं सैल पडतं, बुरशी धरते.

आता पोराचं. त्याचाही कान धरायला हवा, फक्त वेगळ्या कारणासाठी. लोककला सगळ्यांची, म्हणजे फुकट, असा त्याचा समज दिसतो. ताल परंपरेचा, तो कुणीही वाजवावा. पण त्या दिवशी त्या आजोबांनी जे वाजवलं ते वादन त्यांचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क वेगळा धरलाय आणि तो ५० वर्षं टिकतो. न विचारता रेकॉर्ड करून गाण्यात घालणं त्यात बसत नाही. यात्रेतल्या हलगीवाल्याचं गाव विचारत गेलं की सापडतं. त्यांना गाणं ऐकवायचं, बिदागी ठरवून द्यायची, व्हिडिओखाली नाव लिहायचं. मग एका कागदावर शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं, प्रत्येकाचा वाटा किती टक्के, तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. नेटवर फुकट मिळणाऱ्या तयार तालाचं, 'फ्री बीट'चंही तसंच. तोच बीट आधी दुसऱ्यानं नोंदवला असेल तर यूट्यूब दावा लावतं आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जातात.

रुपया का आला नाही, तेही सांगतो. जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं लागतं (शॉर्ट्सचा हिशेब निराळा). तीन मिनिटांचं गाणं चाळीस हजार वेळा अगदी शेवटपर्यंत पाहिलं तरी २००० तासच होतात. व्ह्यूजवर पोट भरत नाही, एवढं तुमचं खरं.

पुन्हा रेकॉर्डिंग करतील तेव्हा मोबाईल हलगीपासून चार-पाच फूट लांब ठेवायचा आणि रेकॉर्डिंगच्या आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही. हलगीचा ठोका धारदार असतो, जवळून घेतला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून नीट सांधता येत नाही.

फिजिक्स त्यानं सोडू नये. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे आणि त्याला बारावीचं फिजिक्स लागतं. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग तर गावातच आहे. इंजिनिअरिंगही चालेल, पण ते त्याला हवंय का, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही.

बोर्डाच्या परीक्षेपर्यंत रंकाळा आठवड्यातून दोन संध्याकाळी, एवढं त्याच्याशी बोलून ठरवा. त्या आजोबांकडे जाताना तुम्हीही बरोबर जा. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या.