पोर्तुगालमधल्या छोट्या 'पॅरिश'मध्ये लोक कसे राहत? एखादं खरं उदाहरण आहे का?

आहे. रिओ द ओनोर. पोर्तुगालच्या ईशान्य टोकाला, ब्रागांसा नगरपालिकेतलं, स्पेनच्या सीमेला अक्षरशः चिकटलेलं गाव. पॅरिश म्हणजे तिथलं 'फ्रेगेझिया'. मूळ चर्चचं, पण आज सरकारी कारभाराचा सगळ्यात लहान घटक. आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळपास म्हणा.

गंमत म्हणजे सीमा वस्तीच्या मधूनच जाते. पलीकडचा भाग स्पेनचा, नाव रिओनोर द कास्तिया. गावकऱ्यांच्या लेखी मात्र दोन देश वगैरे नाही, नुसतं 'वरचं गाव' आणि 'खालचं गाव'. सोयरिकी दोन्हीकडे, शेतंही दोन्हीकडे.

खरी ओळख सामुदायिक जगण्याची. भट्टी, लोहारशाळा, पाणचक्की, काही जमिनी सगळ्या गावाच्या. कारभार पाहायला दोन 'मोर्दोमू', म्हणजे कारभारी. सामाईक कामाला दांडी मारली की दंड, आणि त्याची नोंद वहीत नाही, लाकडी काठीवर खाचा पाडून! दंड भरायचा तो बहुतेकदा वाइनच्या रूपात. (शिक्षा झालेल्याला सोडून बाकी सगळे खूश, असं मला वाटतं.) मानववंशशास्त्रज्ञ जोर्ज दियास यांनी १९५३ मध्ये या व्यवस्थेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला.

पुढे स्थलांतरानं गाव ओसरलं. २०११ च्या जनगणनेत शंभरही माणसं नव्हती, आणि २०१३ मध्ये शेजारच्या आव्हेलेदाशी त्याचं फ्रेगेझिया जोडलं गेलं.